आधी झोका बंद, मग दुरुस्ती

"सर, तो झोका जरा हलतोय." शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून आपण सांगतो. सर म्हणतात, "हो, बघतो." सर खोटं बोलत नसतात. पण मध्यान्ह भोजनाचा हिशेब राहिलेला असतो, कुठलीतरी ऑनलाइन माहिती संध्याकाळपर्यंत भरायची असते, आणि त्या गडबडीत आपलं वाक्य तिथंच राहून जातं. महिन्यानं पाहावं तर झोका तसाच, फक्त रांग वाढलेली.

हे वाक्य वाया जाऊ नये यासाठी काय करायचं, ते इथं सांगतोय, आणि तेही आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यापुरतं. जिल्ह्यापुरतं म्हणण्याला कारण आहे. आपल्यापैकी अनेकांची सोयरीक रावेर, मुक्ताईनगर, जळगावकडची. तिकडून मोबाइलवर तक्रारीचे नमुने येतात, त्यांत गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, 'आपले सरकार' असं सगळं असतं. ते महाराष्ट्रातल्या शाळांना लागू. आपल्याकडची, म्हणजे मध्य प्रदेशातली, शिडी वेगळी आहे, आणि चुकीच्या पायरीवर ठेवलेला अर्ज तिथंच पडून राहतो.

आधी हे एवढं महत्त्वाचं का, ते सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात, रोहतक जिल्ह्यातल्या लाखन माजरा गावी, बास्केटबॉलचा लोखंडी खांब सराव करणाऱ्या १६ वर्षांच्या राष्ट्रीय खेळाडूच्या अंगावर कोसळला आणि तो मुलगा गेला. त्याच आठवड्यात शेजारच्या झज्जर जिल्ह्यातल्या बहादूरगडला अगदी अशाच खांबानं १५ वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. लाखन माजऱ्याच्या मैदानासाठी खासदार निधीतून पैसे मंजूर होते, काम मात्र झालेलं नव्हतं, हे नंतर बातम्यांत आलं. त्याआधी २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीच्या सरकारी शाळेचं छत कोसळलं, ७ मुलं गेली. वरून खडे पडताहेत असं आम्ही सांगितलं होतं, असं वाचलेल्या मुलांनी सांगितलं. छत आणि झोका या वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण मूल सांगतं आणि ते सांगणं कुठंच नोंदलं जात नाही, हा धागा दोन्हीकडे एकच आहे.

पिपलोदीनंतर दुसऱ्याच दिवशी केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं सगळ्या राज्यांना शाळांची आणि मुलं वापरतात त्या सार्वजनिक जागांची सुरक्षा तपासणी करायला सांगितलं. त्यात एक ओळ पालकांनी लक्षात ठेवावी अशी आहे: मुलांना इजा होऊ शकेल अशी धोक्याची स्थिती असेल, किंवा अपघात होता होता टळला असेल, तरी २४ तासांत नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवायचं. म्हणजे मुलाचं डोकं फुटण्याची वाट पाहायची नाही. "अजून कुणाला लागलं तर नाही ना?" असं कुणी विचारलं तर ही ओळ पुढं करा.

आता मैदानात जाऊ. 'खेळाचं साहित्य खराब आहे' असा अर्ज दिला की तो वाचून बाजूला ठेवणं फार सोपं असतं. नेमकं काय खराब आहे, हे आपल्याला आधी दिसलं पाहिजे. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, शक्यतो शाळा सुटल्यावर जा, आणि बरोबर मोजपट्टी ठेवा.

पहिली नजर खांबाच्या बुडाशी. आपल्याकडची जमीन तापीकाठची काळी, कापूस-केळीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी असं फुगणं-आक्रसणं झालं की उथळ गाडलेला खांब सैल होतो, आणि बुडाचं काँक्रीट मातीपासून सुटून एका बाजूला कलतं. त्यातच पाणी साचतं. लोखंडी पाइप बहुधा जमिनीच्या रेषेवरच सडतो, कारण तिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वरून रंग नवा असतो, आत पाइपची भिंत कागदासारखी झालेली असते. बुडाजवळ रंगाचे फुगे आलेत का, तांबडी पूड पडते का, पाइपवर चावीनं ठोकल्यावर वरचा आवाज आणि बुडाचा आवाज वेगळा येतो का, ते पाहा. खांब हलवून बघायचा मोह होतो, पण बास्केटबॉलचा किंवा गोलपोस्टचा खांब हलवून पाहू नका. त्याच्याखाली उभं राहणंसुद्धा टाळा.

मग झोक्याची वरची कडी. ही जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण ती डोक्याच्या वर असते आणि ग्रीसनं काळी झालेली असते. साखळी जिथं वरच्या आकड्यात अडकते, तिथं लोखंडावर लोखंड घासत असतं. स्टुलावर चढून चिंध्यांनी पुसा आणि पाहा. नव्या कडीची जाडी सगळीकडे सारखी असते, झिजलेल्या कडीला घासण्याच्या जागी खाच पडलेली दिसते. शेजारच्या न झिजलेल्या भागाशी बोटानं ताडून पाहिलं तरी फरक कळतो. आकड्याचं तोंड उघडं पडलं असेल, फट दिसत असेल, तर साखळी निसटू शकते, शिवाय मुलीची ओढणीही त्यात अडकते. हा फोटो जवळून घ्या, बाजूला मोजपट्टी ठेवून. अर्जाला जोडायला याहून बोलका कागद नाही.

फटी मोजा. शिडीच्या पायऱ्या, कठड्याच्या सळया, घसरगुंडीच्या माथ्यावरची जाळी या सगळ्यांत ९ सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि २३ सेंटिमीटरपेक्षा लहान फट धोक्याची मानतात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेत आणि युरोपच्या मानकातही जवळपास हेच आकडे आहेत. लहान मूल पायाकडून घुसतं, धड आरपार जातं आणि डोकं अडकतं, म्हणजे सगळं वजन मानेवर येतं. स्थानिक वेल्डरनं अंदाजानं सळया लावल्या असतील तर ही चूक हमखास सापडते. त्यात त्याचा दोष नाही, त्याला हे माप कुणी सांगितलेलंच नसतं.

गळ्यातल्या वस्तूंकडे तर लक्ष द्याच. ताईताचा दोरा, ओढणी, आणि हल्ली बऱ्याच शाळांत आलेली ओळखपत्राची पट्टी. घसरगुंडीच्या माथ्यावर एखादा बोल्ट बाहेर आलेला असेल आणि पट्टी त्यात अडकली, तर मूल खाली जातं आणि पट्टी वरच राहते. पट्टी मैदानात काढून ठेवायची, हा नियम शाळा आज दुपारपासून लावू शकते. त्याला दमडीही लागत नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, पायाखालची जमीन. मैदानातल्या बहुतेक जखमा पडण्यातून होतात, त्यामुळे मूल कशावर पडतं यावर बरंच काही ठरतं. अलीकडे सुशोभीकरण म्हणून झोक्याखाली पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट टाकायची टूम निघाली आहे. दिसायला छान, चिखल होत नाही, झाडायला सोपं. पण मुलाच्या डोक्यासाठी याहून वाईट काही नाही. अमेरिकेच्या त्याच पुस्तिकेप्रमाणे ४ फुटांवरून पडण्यासाठी निदान ९ इंच मोकळी रेती हवी. ती दबते, म्हणून भरताना १२ इंच भरायची, आणि मधूनमधून फावड्यानं उकरून सैल करायची. उपकरणाभोवती चारी बाजूंनी ६ फूट मोकळी जागा हवी. झोक्याच्या पुढं-मागं तर त्याहून जास्त, झोका जिथं टांगलाय त्या उंचीच्या दुप्पट. भिंतीला लागून झोका टांगलेला दिसला तर तो जागेवरूनच हलवायला सांगा, तो दुरुस्त करून काही उपयोग नाही. उन्हाळ्यात पत्र्याची घसरगुंडी दुपारी हात भाजेल इतकी तापते, हे बुऱ्हाणपूरकरांना सांगायला नको. ती सावलीत असावी किंवा दुपारी बंद असावी. फायबरची असेल तर उन्हानं रंग उडून काचेसारखे बारीक तंतू वर येतात, ते मांडीत घुसतात.

एवढं पाहिलं की अर्ज लिहायला बसा. इथं माझं ठाम मत आहे: पहिल्या अर्जात सगळ्यांत वर एकच मागणी ठेवा, ती म्हणजे वापर बंद करणं. दुरुस्तीला पैसे लागतात, मंजुरी लागते, वेळ लागतो, आणि दुरुस्तीच मागितली की शाळेचं उत्तर ठरलेलं असतं, 'प्रस्ताव पाठवला आहे'. प्रस्ताव भोपाळला फिरत राहतो आणि झोका मैदानात. पण झोक्याची साखळी वर गुंडाळून तारेनं बांधणं, घसरगुंडीची शिडी पत्र्यानं झाकणं, खांबाभोवती दोरी लावून मुलांना सांगणं, याला कुणाची मंजुरी लागत नाही. मुख्याध्यापक हे आत्ता, याच क्षणी करू शकतात. म्हणून अर्जात आधी बंद करण्याची मागणी, मग तपासणीची, मग दुरुस्तीची तारीख लेखी देण्याची. याच क्रमानं.

अर्ज एका पानाचा पुरे. शाळेचं नाव, उपकरण मैदानात कुठं आहे ('फाटकातून शिरल्यावर डाव्या हाताचा दुसरा झोका'), दोष काय आणि किती ('वरची डावी कडी निम्मी झिजली आहे', 'बुडाशी पाइपला दोन इंची भोक'), कधी पाहिला, काही प्रसंग घडला असेल तर तारखेसह, आणि मागणी. कुणाच्या हलगर्जीपणावर टीका नको, निवडणूक नको, मागच्या वर्षीच्या गणवेशाचं रडगाणं नको. घरात आपण मराठी बोलत असलो तरी अर्ज हिंदीत दिला तर तो टेबलावरून लवकर हलतो. मागणीचं वाक्य असं ठेवा: 'उक्त झूले का उपयोग आज से बंद कराकर उपयंत्री से जाँच कराई जाए तथा सुधार की तिथि लिखित में दी जाए।' सोबत दोन फोटो. फोटोत कुणाच्या लेकराचा चेहरा येऊ देऊ नका, आणि झोका किती हलतो हे दाखवायला मुलाला त्यावर बसवून व्हिडिओ तर मुळीच काढू नका.

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. शाळेत आवक नोंदवही असते, तिचा क्रमांक मागा. "अहो, पावती कशाला, आपलेच आहात तुम्ही" असं म्हणतील. गोड बोलून पावती घ्याच. नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. फाटकाशी बोललेलं आणि कागदावर दिलेलं, यांतला सगळा फरक त्या शिक्क्यात आहे. उद्या काही झालं तर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं म्हणायची सोय उरत नाही.

मुख्याध्यापकांबरोबरच शाळा प्रबंधन समितीला प्रत द्या. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या २१ व्या कलमानं सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती बंधनकारक आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या स्त्रिया. समितीचे अध्यक्ष कोण, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतं. विचारा. बहुधा ते आपल्याच गल्लीतले निघतात. समितीच्या बैठकीत विषय मांडून तो कार्यवाही नोंदवहीत लिहून घेतला, की मुख्याध्यापकांनाही आधार होतो. त्यांनाही वर काहीतरी दाखवावं लागतं.

पैशाचं कारण पुढं आलं तर एवढं लक्षात असू द्या. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना दरवर्षी एकत्रित शाळा अनुदान असतं: ३० पर्यंत मुलं असतील तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार, त्याहून जास्त असतील तर १ लाख रुपये. बंद पडलेली शालेय साधनं बदलणं आणि खेळाचं साहित्य, हे दोन्ही या अनुदानाच्या हेतूंत येतं. खेळासाठी वेगळं अनुदानही आहे, प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार, माध्यमिकला २५ हजारांपर्यंत. रकमा लहान आहेत, त्यातूनच वीज-पाणी-खडूही भागवायचं असतं, पैसे उशिरा येतात, हे सगळं खरं. नवीन घसरगुंडी त्यात येणार नाही. पण झिजलेली कडी, चार बोल्ट, दोन ट्रॉली रेती यासाठी भोपाळची वाट पाहायची गरज नाही. गावात पंचायतीला सांगा, ग्रामसभेत ठराव मांडा. वेल्डिंगची दुकानं शहरात काय, शाहपूर-नेपानगरलाही आहेत. एक गोष्ट मात्र नीट पाहा. सडलेल्या पाइपवर वरून पट्टी वेल्ड करून रंग मारणं ही दुरुस्ती नव्हे. पत्र्यात जोर नसेल तर टाका धरत नाही, आणि नव्या रंगामुळं पुढच्या वेळी सड दिसतही नाही. सडका भाग कापून नवा पाइप आणि नवा पाया, एवढंच खरं काम.

शाळेतून आठवडाभरात काही हललं नाही तर वर चला. धोका डोळ्यांसमोर असेल, म्हणजे खांब कललेला, साखळी तुटायला आलेली, तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी चला. पहिली ते आठवीच्या सरकारी शाळेसाठी संकुलाचे जनशिक्षक, मग विकासखंड स्रोत समन्वयक, म्हणजे बीआरसी. आपल्या जिल्ह्यात बुऱ्हाणपूर आणि खकनार असे दोनच विकासखंड आहेत, त्यामुळं कुठं जायचं हा घोळ नाही. बीआरसींकडे उपयंत्री (सब-इंजिनिअर) असतात, त्यांच्याकडून तांत्रिक तपासणी मागा. त्यांनी 'वापरास अयोग्य' असं लिहून दिलं की पुढचा मार्ग मोकळा होतो. बीआरसींच्या वर जिल्हा शिक्षण केंद्राचे जिल्हा परियोजना समन्वयक, म्हणजे डीपीसी. नववी ते बारावीसाठी जिल्हा शिक्षणाधिकारी. जनजातीय कार्य विभागाच्या शाळा-वसतिगृहांसाठी त्या विभागाचं जिल्हा कार्यालय. अंगणवाडीतली घसरगुंडी असेल तर महिला व बाल विकास. बुऱ्हाणपूर शहरातल्या बागेतले झोके नगर निगमचे, त्यांची तक्रार शाळेत करून उपयोग नाही, जरी मुलं शाळेचीच असली तरी.

मंगळवारी सकाळी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते. तिथं अर्ज नोंदला जातो आणि संबंधित अधिकाऱ्याकडे जातो. पण मंगळवारी कार्यालयात जाणं म्हणजे पॉवरलूमवर काम करणाऱ्याची एक दिवसाची मजुरी बुडणं, आणि धूलकोटच्या पुढच्या पाड्यावरून येणाऱ्या बारेला किंवा कोरकू बापाचं भाडंही वर. त्यांच्यासाठी १८१ आहे, मुख्यमंत्री हेल्पलाइन. फोनवर तोंडी सांगितलं तरी नोंद होते, लिहिता-वाचता यायची अट नाही. तक्रार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. तक्रार चार पातळ्यांवरून वर चढते. खालच्या अधिकाऱ्यानं निकाली काढली नाही तर वरच्याकडे जाते, म्हणून खालच्यांना ती लवकर बंद करायची घाई असते. तुम्हाला फोन येईल: "काम हो जाएगा, आप संतुष्ट हैं बोल दीजिए, शिकायत बंद करवा दीजिए." काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय समाधानी आहे असं म्हणू नका. विनंती कितीही आर्जवाची असो. "झोका बदलल्याचा फोटो पाठवा, मग सांगतो," एवढं उत्तर पुरे.

याहून पुढं जावं लागलं तर कायद्याचे तीन रस्ते सांगून ठेवतो. शिक्षण हक्क कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी गाऱ्हाणं देता येतं. त्यांनी तीन महिन्यांत ऐकून घेऊन निर्णय द्यायचा असतो, तो मान्य नसेल तर राज्य बाल अधिकार संरक्षण आयोगाकडे अपील. माहिती अधिकाराखाली १० रुपयांच्या अर्जावर विचारा: या शाळेला मागच्या दोन वर्षांत किती अनुदान आलं, खेळाच्या साहित्यावर किती खर्च झाला, शेवटची सुरक्षा तपासणी कधी झाली, अहवालाची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला शुल्क नाही. पुष्कळदा हा अर्ज गेल्यावर उत्तराआधी वेल्डर येतो. तिसरा रस्ता एसडीएमचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाखाली, कोसळून लोकांना इजा होईल अशा अवस्थेतलं बांधकाम हटवायचा किंवा सावरायचा आदेश ते देऊ शकतात. सार्वजनिक मैदानातल्या कललेल्या खांबासाठी हा मार्ग विशेष कामाचा.

खासगी शाळांच्या पालकांना वाटतं की आपण फी भरतो, म्हणजे आपलं ऐकलं जाईल. नेहमी तसं होत नाही. उलट 'दाखला घेऊन जा' ही न बोललेली धमकी तिथंच जास्त असते. त्यांनी लक्षात ठेवावं की २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयानं शाळा सुरक्षेची जबाबदारी निश्चित करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि त्यांत खासगी शाळांचं व्यवस्थापन, मुख्याध्यापक, शिक्षक यांची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये अविनाश मेहरोत्रा खटल्यात सांगितलं. तो खटला २००४ च्या कुंभकोणम शाळेच्या आगीनंतरचा, ज्यात ९४ मुलं गेली. खासगी शाळेला माहिती अधिकार थेट लागू नसला, तरी मान्यता देताना शाळेनं दिलेली कागदपत्रं जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे असतात, ती त्यांच्याकडून मागता येतात.

भीतीबद्दल नीट बोललं पाहिजे, कारण बहुतेक तक्रारी तिथंच थांबतात. आपण तक्रार केली तर सर आपल्या पोराला वर्गात टाकून बोलतील, गुण कमी देतील, ही भीती खोटी नाही. उपाय एकच, एकट्यानं जाऊ नका. पाच-सात पालकांच्या सह्या एका अर्जावर घ्या, आणि मुलांचे वर्ग लिहू नका. सह्यांत आया असू द्या, कारण मुलाचा गुडघा कुठं फुटला हे त्यांना नेमकं माहीत असतं. शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेलाही आधी विश्वासात घ्या. मैदानात ड्युटी करणाऱ्या शिक्षकांना हा धोका रोज दिसत असतो आणि त्यांनाही बोलायला निमित्त हवं असतं. व्हिडिओ काढून सगळ्या गटांत टाकण्याची घाई करू नका. त्यानं शाळा बचावाच्या पवित्र्यात जाते आणि झोक्याऐवजी तुमच्यावरच चर्चा सुरू होते. लेखी अर्ज, पावती, वरची पातळी हे सगळं करून काहीच झालं नाही, तर मात्र वर्तमानपत्राकडे जाण्यात काही गैर नाही. तेव्हा तुमच्या हातात पावत्या असतात.

मुलाला लागलंच तर आधी मूल. डोक्यावर किंवा मानेवर पडलं असेल तर उचलून पळू नका, हलवू नका, १०८ ला फोन करा. घरी आल्यावर उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं, वाढती डोकेदुखी यांतलं काही दिसलं तर रात्र असो, दवाखान्यात न्या. डॉक्टरांना कारण स्पष्ट सांगा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या, 'शाळेतील झोक्यावरून पडून'. उपकरण हलवण्याआधी कुणाला तरी फोटो काढायला पाठवा. अपघातानंतर सगळ्यांत आधी दुरुस्त होते ती तुटलेली कडी, आणि मग ती तुटली होती हे सिद्ध करायला काही उरत नाही.

एक धोका वेगळाच आहे. तक्रार केली की काही शाळा सगळं उपटून भंगारात देतात आणि मैदान मोकळं करून टाकतात. आता पडायचा प्रश्नच नाही! हे मान्य करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असलंच पाहिजे असं लिहिलं आहे. आपल्या शहरातली कितीतरी मुलं एका खोलीच्या घरात राहतात, बाहेर गल्लीत मोटारसायकली आणि लूमची खडखड. धावायला, लोंबकळायला, घसरायला शाळेचं मैदान हीच त्यांना हक्काची जागा. म्हणून पहिल्याच अर्जात शेवटचं वाक्य घाला: 'काढलेल्या उपकरणाच्या जागी नवे कधी बसवणार, त्याची तारीख कळवावी.'

काम झाल्यावर पुन्हा मैदानात जा. कडी पाहा, बुड पाहा, रेतीत बोट घालून खोली पाहा. नवा पाया असेल तर काँक्रीट पुरतं घट्ट झाल्याशिवाय मुलांना चढू देऊ नका, किती दिवस ते काम करणाऱ्याला विचारून फळ्यावर लिहायला सांगा. समितीच्या नोंदवहीत वर्षातून दोनदा तपासणीचं ठरवून घ्या: उन्हाळ्याच्या सुटीनंतर जूनमध्ये शाळा भरताना, कारण तेव्हा जमीन भेगाळलेली असते, आणि दिवाळीच्या आधी, पावसानं जमीन फुगून झाल्यावर. मुख्याध्यापकांना दोन ओळींचं आभारपत्र द्या आणि त्याचीही प्रत नोंदवहीत लावा. पुढच्या वेळी हेच लोक लागणार आहेत. आणि १८१ वरची तक्रार बंद करायला हो म्हणायचं असेल, तर ते आत्ता म्हणा.